माशी कुठे शिंकली

उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवडे संशोधन संस्थेत काम करायला मिळेल, अशी सूचना कॉलेजच्या फलकावर लागली, तेव्हा जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा झाडून सगळा वर्ग अर्ज करायला धावला. बारकीही धावली. भावंडांत शेवटची आणि जन्मली तेव्हा मूठभर, म्हणून बारकी; आता ती आईपेक्षा चार बोटं उंच झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

अर्जात एक प्रश्न होता : तुम्हाला संशोधन का करायचं आहे? बारकीनं आधी लिहिलं की तिला लहानपणापासून विज्ञानाची ओढ आहे. वाचून पाहिलं तर तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसेना. तो कागद फाडून तिनं बाबांबद्दल लिहिलं.

बाबा रंगारी. नऊ-नऊ मजली इमारतींना बाहेरून रंग देणारे. परांचीवरून असे चालायचे की खालून बघणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत. चार वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला. तो उतरला, पण जाताना दोन्ही कानांतलं तोल सांभाळणारं यंत्र घेऊन गेला. उजेडात बाबा पूर्वीसारखेच ताठ चालत. जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत काही काढायला वाकले, की मात्र वर कुठलं नि खाली कुठलं हेच त्यांना उमजेना आणि ते मटकन खाली बसत. परांची सुटली. आता ते एका दुकानात बसून पाट्या रंगवत. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे कानातल्या तीन वळशांचं चित्र काढून सगळं समजावलं होतं. बाबांनी ती चिठ्ठी टाकून दिली, बारकीनं उचलून वहीत ठेवली, आणि वकील व्हायचं म्हणणारी मुलगी जीवशास्त्राला जाऊन बसली.

हे सगळं तिनं अर्जात साध्या शब्दांत लिहिलं आणि पाठवून दिलं. जागा पंधरा होत्या. यादी लागली तेव्हा बारकीचं नाव प्रतीक्षा यादीत तिसरं. धड आत नाही, धड बाहेर नाही. महिनाभर ती फोन उशाशी घेऊन झोपली. मग आशा सोडून तिनं शेजारच्या दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या, आणि नेमका त्याच शुक्रवारी संस्थेतून फोन आला की तिघांनी ऐनवेळी माघार घेतली आहे, सोमवारी सकाळी नऊला हजर व्हा.

आई बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसायची. दिवसभर लोकांशी बोलून तिच्या जिभेला धार आली होती. काम कसलं म्हणून तिनं विचारलं, तेव्हा बारकीनं सांगितलं की फळमाश्यांवरचं.

"म्हणजे दोन महिने माश्या मारायला जाणार," आई म्हणाली. "ते तर घरीही चाललंच होतं."

बाबा हसले. पण सोमवारी लेकीचा डबा आईनंच भरला, आणि ती वळणाआड जाईपर्यंत दारातून हलली नाही.

संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर माश्यांची खोली होती. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर ट्रे, ट्रेमध्ये कापसाचे बोळे लावलेल्या शेकडो काचनळ्या, आणि प्रत्येक नळीत तिळाएवढ्या माश्यांचं एकेक गाव. आंबूस वास भरून राहिलेला. तो माश्यांच्या जेवणाचा. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट मोठ्या पातेल्यात रटरटवून एक काका रोज सकाळी ते जेवण रांधायचे. अठ्ठावीस वर्षं माश्यांना वाढतोय, पण एकीनंही अजून बरं झालंय म्हटलं नाही, असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. बारकीलाही सांगून झालं.

तिला ज्यांच्या हाताखाली दिलं होतं, त्या पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. अहो-जाहो करायचं नाही, अशी त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच ताकीद दिली, म्हणून बारकीही त्यांना अगं-तुगं करू लागली. ताईकडे एका खास जातीच्या माश्या होत्या. त्यांच्यातलं एक जनुक बिघडवलेलं होतं. साधी फळमाशी नळी आपटल्यावर तळाशी पडते आणि लगेच सरसर वर चढते. या चढायच्या नाहीत. प्रयोगशाळेत त्यांचं नाव मंदा पडलं होतं. हे जनुक नसेल तर पायांचे स्नायू कमजोर होतात, असं ताईचं म्हणणं होतं, आणि त्या म्हणण्यावर तिची तीन वर्षं उभी होती.

घोडं अडलं होतं ते एका जागी. कधी मंदा चढत नसत, आणि कधी चक्क इतर माश्यांसारख्या चढत. ताईनं पाठवलेला लेख त्याच कारणानं परत आला होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम नाकावर माशी बसू देणाऱ्यांतल्या नव्हत्या. या उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत आकडे जुळले नाहीत तर हा विषय बंद, असं त्यांनी ताईला बजावलं होतं. हे बारकीला ताईनं सांगितलं नाही, काकांनी सांगितलं.

बारकीचं काम सोपं होतं. नळीत वीस माश्या घ्यायच्या, नळी तीनदा आपटायची, आणि दहा सेकंदांत आठ सेंटिमीटरची रेघ किती जणी ओलांडतात ते मोजायचं. ती रोज सकाळी तीन नंबरच्या टेबलावर बसून मोजायची. हे टेबल जुन्या, उंच छताच्या दालनात होतं, आणि वर छताला लागून एक लांबट खिडकी होती. ताईचं टेबल सात नंबरचं, आतल्या खोलीत. तिथे खिडकी नव्हती, टेबलावर नळीच्या बाजूला ठेवलेला एक दिवा होता.

आठवड्याच्या शेवटी दोघींनी वह्या शेजारी ठेवल्या. साध्या माश्यांचे आकडे जुळले : विसांतल्या सतरा-अठरा. मंदांचे मात्र ताईकडे सहा आणि बारकीकडे सोळा.

ताईचा चेहरा उतरला. तिनं पुन्हा पुन्हा पानं उलटून पाहिली आणि मग हळू आवाजात विचारलं की नळ्यांची अदलाबदल तर झाली नाही ना. बारकीनं नाही म्हटलं. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या नीट वाचल्या होत्यास? वाचल्या होत्या. ताईनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं, आणि सोमवारी मॅडमनी बारकीला बोलावून सांगितलं की आठवडाभर तिनं मोजणी करू नये. माश्या जुन्या नळ्यांतून नव्यात भराव्यात, काकांना मदत करावी, हात बसू द्यावा. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बारकीला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी घरी आईनं दोनदा काय झालं म्हणून विचारलं, मग विचारणं सोडून तिच्या पुढ्यात शेंगांची टोपली ठेवली. बारकीनं सगळ्या शेंगा सोलल्या. आपणच चुकलो असू, असं तिला एकदा वाटलं आणि एकदा वाटलं नाही. सोळा माश्या रेघेपलीकडे गेलेल्या तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

नळ्या बदलायचं काम म्हणजे हमाली. जुनी नळी टेबलावर ठकठक करून माश्या तळाशी पाडायच्या, बोळा काढायचा, वर नवी नळी उलटी धरायची, आणि माश्या आपण होऊन वर गेल्या की पटकन दोन्हींना बोळे लावायचे. बुधवारी ती तीन नंबरच्या टेबलावर मंदांच्या नळ्या बदलत होती. साध्या माश्यांना जेवढा वेळ लागत होता तेवढाच त्यांनाही लागत होता. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं ते दुपारी, ऊन तिरपं होऊन डोळ्यांवर येऊ लागलं म्हणून कोणीतरी दोरी ओढून वरच्या खिडकीचा पडदा लावला तेव्हा. पडदा लागला आणि मंदा थांबल्या. काही नळीच्या मध्येच घुटमळल्या, काही खाली उतरल्या, एक तर गोल गोल फिरत राहिली. शेजारच्या नळीतल्या साध्या माश्या मात्र निमूट वर चालल्या होत्या.

बारकीनं हातातली नळी खाली ठेवली. असं थबकणं तिनं कुठेतरी पाहिलं होतं, आणि कुठे ते आठवायला तिला वेळ लागला नाही. जिन्याखालच्या खोलीत बाबा असेच थबकत. त्यांच्या पायांना काही झालेलं नव्हतं.

तिनं उठून दोरी ओढली. पडदा बाजूला झाला, उजेड आला आणि मंदा चालू लागल्या. तिनं पुन्हा पडदा लावला. पुन्हा उघडला. पाचव्या वेळी काकांनी स्वयंपाकाच्या खोलीतून डोकं बाहेर काढून विचारलं की दोरीशी काय भांडण आहे तुझं.

ती लगेच ताईकडे पळाली नाही. एकदा तोंड पोळलं होतं. ताई उशिरा जेवायला गेली असताना तिनं काकांकडून कपाटातल्या ताईच्या जुन्या वह्या मागून घेतल्या. मॅडमची परवानगी काकांनी काढून दिली, वह्या पुसायच्या आहेत असं काहीसं सांगून. ताईची वही म्हणजे आरसा. प्रत्येक प्रयोगाच्या पानावर वर तारीख, वेळ, खोलीचं तापमान आणि टेबलाचा क्रमांक. मंदांच्या प्रयोगांची तीन वर्षांत एक्केचाळीस पानं झाली होती. बारकीनं प्रत्येक पानाची एक चिठ्ठी केली आणि दोन ढीग लावले : मंदा चढल्या ते डावीकडे, चढल्या नाहीत ते उजवीकडे. मग चिठ्ठ्यांवरचे टेबलांचे क्रमांक पाहिले.

डावीकडची एकूण एक चिठ्ठी तीन नंबरच्या टेबलाची. उजवीकडची सगळी सात नंबरची, तीन सोडून. या तीन चिठ्ठ्या तीन नंबरच्या टेबलाच्या होत्या, तरी माश्या चढल्या नव्हत्या. तिनं त्यांच्यावरच्या वेळा पाहिल्या. दुपारी अडीच, दुपारी तीन, दुपारी अडीच.

ताई परत आली तेव्हा टेबलावर दोन ढीग आणि शेजारी बारकी उभी, असं दृश्य होतं. बारकीनं सांगत बसण्याऐवजी चिठ्ठ्याच पुढे सरकवल्या. ताईनं त्या वाचल्या. आधी उभ्यानं, मग खुर्ची ओढून.

"हे माझ्याच वहीत होतं," ती अखेर म्हणाली.

"तू सगळं लिहून ठेवलं होतंस म्हणून दिसलं," बारकी म्हणाली. "ताई, त्यांचे पाय चांगले आहेत. त्यांना वर कुठे आहे तेच कळत नाही. उजेड वरून आला की त्या उजेडाकडे जातात, आणि आपल्याला वाटतं चढल्या."

ताईनं चिठ्ठ्या खाली ठेवल्या. तीन वर्षं स्नायूंचे काप काढण्यात गेली होती. तिचे डोळे भरले आणि ती उठून बाहेर गेली. बारकीला वाटलं, संपलं सगळं. दहा मिनिटांनी ताई तोंड धुऊन आली, बाह्या सरसावल्या आणि म्हणाली की चल, मॅडमकडे. पण बोलायचं तू, मी मागे उभी राहते.

मॅडमनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच विचारलं : हे खरं असेल, तर काय केल्यावर ते खोटं ठरू शकेल? बारकीला असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. कॉलेजात उत्तर बरोबर कसं आहे ते सांगायचं असतं. ती विचार करत राहिली, आणि मॅडमनीही तिला घाई केली नाही.

"दिवा खाली ठेवायचा," ती म्हणाली. "नळीच्या तळाशी. माश्या आपटायच्या नाहीत, नळी आडवी हलवून मध्यावर आणायच्या. माझं चुकत असेल तर मंदा आहेत तिथेच बसून राहतील. बरोबर असेल तर पळत खाली जातील."

"करा," मॅडम म्हणाल्या. "मोजताना नळीत कोण आहे ते तुम्हा दोघींनाही माहीत नको. चिठ्ठ्या मी झाकीन."

पुठ्ठ्याचं काळं खोकं काकांनी करून दिलं. आत बघायला एक फट, दिवा ठेवायला वर एक भोक, खाली एक. दोन दिवस ताई नळ्या आडव्या हलवून उभ्या करत होती आणि बारकी मोजत होती. दिवा वर ठेवला की सगळ्याच नळ्यांत माश्या चढत. खाली ठेवला की काही नळ्यांतल्या माश्या जरा गोंधळत आणि तरी बहुतेक वर जात. बाकीच्या नळ्यांतल्या वीसच्या वीस तळाला जाऊन दिव्याला चिकटत, आणि त्याही अशा वेगानं की कमजोर पायांची गोष्टच बोलायला नको. शुक्रवारी दुपारी मॅडमनी खुर्चीत बसून चिठ्ठ्यांवरचे कागद एकेक करून सोलले. खाली पळालेल्या सगळ्या नळ्या मंदांच्या होत्या. एकही चूक नव्हती.

मॅडमनी चष्मा काढला. "तीन वर्षं आपण सगळे विचारत होतो, माशी कुठे शिंकली," त्या म्हणाल्या, आणि नाकावर माशी बसू न देणाऱ्या त्या बाई खो खो हसत सुटल्या. ताई हसली, काका हसले. बारकीला हसू यायला थोडा वेळ लागला, कारण ती आधी रडली.

पण काम तर आता कुठे सुरू झालं होतं. माणसाचा तोल कानात, माशीचा मिशांमध्ये. मिशांच्या दुसऱ्या पेरात चेतापेशींचं एक कडं असतं, माशीला खाली-वर कळतं ते त्यानं. ते कडं बघायचं तर तिळाएवढ्या माशीच्या डोक्यावरची मिशी चिमट्यानं अलगद सोडवायची, चेतापेशीच तेवढ्या हिरव्या चमकतील अशा रंगद्रव्यात ठेवायची आणि मग मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पहिल्या दिवशी बारकीनं बावीस मिशा बिघडवल्या. दुसऱ्या दिवशी अठरा. ताईनं तिला श्वास सोडताना चिमटा मिटायला शिकवलं. सातव्या आठवड्याच्या मंगळवारी त्यांच्याकडे बारा चांगल्या मिशा होत्या, सहा साध्या आणि सहा मंदांच्या.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत त्या दोघीच होत्या. आधी साधी मिशी लावली. काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरव्या ठिपक्यांचं भरगच्च कडं उजळलं, इतकं सुरेख की बारकी काम विसरली. मग मंदांची लावली. कडं अर्धवट. इथे चार ठिपके, तिथे दोन, मधे नुसता काळोख. दुसरी लावली, तिसरी लावली. सहाही तशाच. या जनुकावाचून तोल सांभाळणाऱ्या पेशी नीट घडतच नाहीत, ही गोष्ट त्या घटकेला साऱ्या जगात दोनच माणसांना ठाऊक होती, आणि त्यातलं एक माणूस पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतं. ताईनं तिचा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळी तिथे बोटांचे वळ दिसले.

शेवटच्या आठवड्यात सगळ्या उन्हाळी विद्यार्थ्यांनी आपापलं काम सभागृहात मांडायचं होतं. घरच्यांना बोलावणं होतं. आईनं सुट्टी काढली आणि बाबांनी स्वतः इस्त्री केलेला सदरा घातला. बाहेरून एक नावाजलेले शास्त्रज्ञ आले होते; ते पहिल्या रांगेत बसून प्रत्येकाला प्रश्न विचारत, आणि मुलं उत्तरासाठी आपापल्या ताई-दादांकडे बघत.

बारकी बोलली बारा मिनिटं. भपकेबाज चित्रं नाहीत, मोठे शब्द नाहीत. आधी काय दिसलं, मग काय वाटलं, मग ते खोटं ठरवायचा कसा प्रयत्न केला. चिठ्ठ्यांचे दोन ढीग तिनं दाखवले आणि वह्या कोणाच्या होत्या तेही सांगितलं. शेवटी ते शास्त्रज्ञ उठले. त्यांनी विचारलं की या माश्यांना ऐकू तरी येतं का, कारण मिशांतलं तेच कडं ऐकायच्याही कामी येतं.

ताईनं खुर्चीचा हात आवळला. हे त्यांनी तपासलं नव्हतं.

"मला माहीत नाही," बारकी म्हणाली. "पण तपासता येईल. नर गाणं म्हणतो तेव्हा मादी हळू होते. ते गाणं यंत्रावर वाजवायचं, आणि मंदा हळू होतात का ते बघायचं. अंधारात, म्हणजे पुन्हा उजेडानं फसायला नको."

शास्त्रज्ञांनी मॅडमकडे वळून विचारलं की ही पीएच.डी.च्या कितव्या वर्षाला आहे.

"बी.एस्सी.च्या," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या."

पाठीमागून हसण्याची लाट आली आणि तिच्या मागोमाग टाळ्या. टाळ्या थांबेनात. काका दारात उभे राहून वाजवत होते, हातातला डाव तसाच काखेत मारून. मॅडमनी व्यासपीठावर येऊन जाहीर केलं की लेख नव्यानं लिहिला जातो आहे आणि त्यावर ताईच्या नावाखाली बारकीचं नाव असेल. आणि माश्यांची ऐकण्याची परीक्षा घ्यायला ती कॉलेज सांभाळून दर शनिवारी येणार असेल, तर तिसऱ्या मजल्यावर तिला टेबल मिळेल. कुठलं हवं ते तिनं निवडावं. बारकीनं तिथल्या तिथे हो म्हटलं.

कार्यक्रम संपल्यावर ताई पुढे होऊन बाबांना नमस्कार करायला वाकली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. मग ताईच म्हणाली की इतक्या लांब आलात तर वर चला, बघूनच जा.

तिसऱ्या मजल्यावर बारकीनं सूक्ष्मदर्शक लावला, कडं नीट मध्यभागी आणलं आणि आईला खुर्चीत बसवलं. एक डोळा मिटू नकोस, दोन्ही उघडे ठेव, असं सांगितलं. आई वाकली. काही दिसत नाही म्हणाली. मग गप्प झाली.

बाबा तिच्यामागे हात बांधून उभे होते. मिनिट गेलं, दोन गेली. त्यांनी घसा खाकरला. आईनं मान वर न करता हातानंच त्यांना थांबायची खूण केली.

"अहो, थांबा ना जरा," ती म्हणाली. "माझं बघून व्हायचंय अजून."